नमुना

ज्या माणसाने कधी मुंगीवरही जाणूनबुजून पाय दिला नाही, त्याचं नाव मी मेलेल्या जिवांच्या बाटलीत घातलं. शब्दशः घातलं. कागदाच्या चिंचोळ्या पट्टीवर पेन्सिलीने ‘संग्राहक’ असं लिहून त्यापुढे त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि ती पट्टी अल्कोहोलमध्ये, त्या जिवांच्या अंगाला लागून. लिहिताना मला वाटलं होतं की मी त्यांचा मान करतो आहे. आमच्या विषयात तो मानच असतो. ही गोष्ट मी झाकून ठेवली आणि झाकण्याची शिक्षा त्यांनी भोगली. म्हणून त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. नाहीतर पुढच्या त्यांच्या गमती, त्यांची बोलणी, सगळंच मी चोरून वापरल्यासारखं होईल.

मी त्यांना काकाजी म्हणायचो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

मालेगावात त्यांचं भांड्यांचं दुकान. मालेगाव म्हटलं की परक्या माणसाला नाशिककडचं आठवतं. हे आमचं, वाशीम रस्त्यावरचं, तालुक्याचं गाव. दुकानात पुढे स्टीलचे डबे, मागे पितळेचे गुंड आणि घागरी, आणि वर, छताच्या प्रत्येक कोपऱ्यात, जाळी. ती झाडायची घरात कुणालाच परवानगी नव्हती. गिऱ्हाईक आत शिरलं की आधी वर बघायचं, मग भांड्यांकडे. कुणी तोंड वाकडं केलंच तर काकाजी म्हणायचे, “त्याहिचंबी दुकानच हाय. आपन कोन उठवनारे?”

एकदा लग्नघरची मंडळी आली. नवरीच्या आईने एक पितळी गुंड पसंत केला, घासाघीस होऊन भाव ठरला. गुंड बांधायला घेताना काकाजींनी सवयीने आत बॅटरी मारली आणि तो उचलून पुन्हा फळीवर ठेवला. हा नाही देता येत, दुसरा पाहा, म्हणाले. बाई हट्टाला पेटल्या. आम्हाला हाच पाहिजे. तेव्हा काकाजी आवाज खाली आणून म्हणाले, “आत बाळंतीन हाय.”

बाईंनी वाकून पाहिलं. अंड्यांची पांढरी पिशवी पोटाशी धरून एक कोळीण गुंडाच्या तळाशी बसली होती. मंडळी उठून समोरच्या दुकानात गेली. त्यानंतर कितीतरी दिवस काकाजींचा मुलगा बापाशी फक्त भांड्यांपुरतं बोलत होता. पिल्लं फुटून निघून गेली तरी तो गुंड काकाजींनी विकला नाही. ‘बाळंतिणीचा गुंड’ म्हणून तो फळीच्या टोकाला काळा पडत राहिला, आणि मी गेलो की मला तो दर वेळी दाखवायचे, जणू मी तो पहिल्यांदाच पाहतो आहे.

मी वाशीमच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. मालेगावच्या पलीकडे टेकड्यांत एक छोटं राखीव रान आहे. साग, सालई, मधूनमधून गवताचे माळ आणि पावसाळ्यापुरता वाहणारा एक नाला. तिथल्या कोळ्यांची पाहणी करून यादी तयार करायचं काम माझ्याकडे आलं होतं. ही बातमी वनरक्षकाकडून काकाजींना लागली आणि ते एसटीने थेट माझ्या विभागात येऊन दाखल झाले. आमचा शिपाई आत येऊन म्हणाला, “सर, मालेगावचा एक नमुना आला भेटाले.”

नमुना म्हणजे विक्षिप्त माणूस, या अर्थाने. त्या दिवसापासून विभागात त्यांचं तेच नाव पडलं. कपाटातल्या बाटल्यांत आमचे नमुने आणि दारात हा चालता-बोलता नमुना, असा विनोद मीही केलेला आहे. त्यावर मीही हसलेलो आहे.

ते आले ते अट घेऊनच. मला मास्तर म्हणायचे. प्राध्यापकाला मास्तर म्हटलेलं आवडत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम. म्हणाले, ते रान मी पंचवीस-तीस वर्षं पायाखाली घातलेलं आहे, कुठे कोण राहतं ते दाखवीन, पण एकही मारायचा नाही. मी सांगितलं, फोटो काढू, बरणीत घेऊन भिंगातून पाहू आणि सोडून देऊ. त्यांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. माझं गाव विचारलं. धनज, म्हणालो. मग घराणं विचारलं; तेही मी सांगितलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. वडील धनजला मजुरी करायचे आणि पौर्णिमेला मला विहारात न्यायचे.

“मंग तुमच्या विहारात पयलं काय म्हनतेत?” काकाजींनी विचारलं.

मी सांगितलं, पहिलं शील जीवहत्या न करण्याचं.

“झालं मंग. तुमचंबी पयलं तेच, आमचं जैनाहिचंबी पयलं तेच. कागद कायले पाह्यजे?”

त्यांनी हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला. पाहणीच्या सरकारी परवानगीत नमुने गोळा करण्याची मुभा होती हे मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हा सांगण्याची गरज वाटली नाही, कारण तेव्हा माझा तसा विचारही नव्हता.

त्यानंतर दोन पावसाळे आम्ही ते रान धुंडाळलं. माझ्या मोटारसायकलवर मागे काकाजी, खांद्यावर पिशवी, पिशवीत झाकणाला भोकं पाडलेल्या दोन प्लास्टिकच्या बरण्या, एक भिंग, बॅटरी आणि दगडावर बसण्याआधी तो झाडून घ्यायला मऊ कुंचा. पावसाळ्यात रस्त्यावर लालसर, शेकडो पायांचे वाणी किडे फिरत असतात. तो दिसला की ते माझ्या खांद्यावर थाप मारायचे. गाडी थांबवायची, काकाजींनी उतरायचं, कागदावर घेऊन त्याला कडेच्या गवतात सोडायचं, मग पुढे. एकदा मी वैतागून म्हणालो, असं केलं तर आपण संध्याकाळी पोचू. ते म्हणाले, “वानी हाय ना तो? मीबी वानीच. भाऊबंदाले रस्त्यात कसा सोडू?”

सूर्य मावळल्यावर ते जेवत नसत आणि अंधारात गवतावर पाय ठेवत नसत. कोळी पाहायचे तर खरं म्हणजे रात्री जावं. बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे चमकतात. ते काम मी एकट्याने करायचो आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडून सगळ्यांची खबर घ्यायचे, आजाऱ्याची घ्यावी तशी.

त्यांना शास्त्र येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. प्रत्येकाला त्यांनी आपल्या मनाने नाव दिलं होतं. जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा काढणारा तो मुनीम, कारण सारखं काहीतरी लिहीत असतो. आपण हललो की गर्रकन वळून बघणारा, उड्या मारणारा तो हवालदार. ही नावं ऐकायला गोड होती, पण यादीच्या दृष्टीने निकामी. एकाच जातीच्या नर आणि मादीला ते दोन वेगळी घराणी समजत, आणि तीन निराळ्या जाती त्यांच्याकडे एकाच नावावर खपत. यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलं. मी भिंगाखाली पायांवरचे काटे मोजून दाखवत होतो. ते म्हणाले, तुम्ही पाय मोजत बसा, मी तो बसतो कसा ते पाहतो. मी म्हणालो, काकाजी, बसण्यावरून जात ठरत नाही. त्यांना ते लागलं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही वाण्यासाठी गाडी थांबवायला सांगितलं नाही. मला दिसले तेव्हा मीच थांबलो.

बरणीत घेतलेल्या कोळ्याशी ते बोलायचे. अहो-जाहो करून. थांबा हो जरा, झालंच, मास्तरांचं पाहणं उरकलं की सोडतो. विद्यार्थ्यांपैकी कुणी बरोबर असला तर तो तोंड फिरवून हसायचा. मला लाज वाटायची. त्यांची नव्हे, माझ्याबरोबर ते आहेत याची.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, ती कपार सापडली. नाल्याच्या वळणावर पुढे आलेला एक खडक, त्याच्या पोटाखाली ओलसर सावली. काकाजी गुडघ्यांवर बसून आत पाहत होते. मला वाटलं खडकाला केस फुटले आहेत. मग त्यांनी हलकेच फुंकर घातली आणि तो सगळा केसाळ पुंजका एकदम वरखाली हलू लागला. शेकडो लांब, तारेसारखे पाय, आणि मध्ये डाळीच्या दाण्याएवढी शरीरं.

ते कोळी नव्हते. इंग्रजीत त्यांना हार्वेस्टमन म्हणतात; मराठीत रूढ नाव मला तरी सापडलेलं नाही. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात, याचा एकच गोळा. पाय आठच, पण त्यांतली दुसरी जोडी तो चालायला फारशी वापरत नाही. ती पुढे धरून जमीन चाचपत जातो. याला विष नसतं. याला रेशीम काढता येत नाही, म्हणून जाळंही नसतं. हे सगळं मी काकाजींना वर्गात सांगावं तसं सांगत गेलो आणि ते ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला. जैनांचे दिगंबर मुनी हातात मोरपिसांची पिंछी घेऊन चालतात, पुढची जमीन हलकेच झाडतात, घर नाही, साठवण नाही, अंगावर वस्त्र नाही. काकाजी खडकासमोर हात जोडून उभे राहिले.

“महाराज हायेत हे,” ते म्हणाले. “पायले का तुमी? चाचपून चालतेत. घर नाही, जाळं नाही. आनि मी येवढे वर्सं जाळेवाल्याहिच्याच मागं फिरून राह्यलो होतो.”

त्यांनी विचारलं, हे मारतात का? मेलेले किडे खातात, मी म्हणालो, पण बारीक जिवंतही खातात. ते पिशवी उचलून चालू लागले. पुढच्या आठवड्यात भेटल्यावर नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, “आपन खाताना पायलं नाही ना? मंग झालं.”

तेव्हापासून आमच्या प्रत्येक फेरीचा शेवट त्या कपारीशी व्हायचा. फुंकर, आणि पुंजक्याचं ते वरखाली हलणं. महाराज आशीर्वाद देतात, म्हणायचे. पर्युषणाच्या आधीच्या रविवारी ते मंदिरातली पाच-सात माणसं आणि त्यांची मुलं टेम्पोत घालून घेऊन आले. मुलं ओरडली, मोबाइल पुढे झाले, कुणीतरी काडीने ढोसलं. काकाजी सगळ्यांना दबक्या आवाजात गप्प करत होते, पण चेहऱ्यावर असा आनंद, जणू त्यांच्या घरी कुणी मोठा पाहुणा उतरला आहे.

मी त्या कपारीचे फोटो लांबच्या शहरातल्या एका जाणकारांना व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. या भागातून अशी नोंद त्यांच्या पाहण्यात नव्हती. नवंही काही असू शकेल, त्यांनी लिहिलं; पण फोटोवरून ओळख पटत नाही, नमुने पाठवा, नर आणि मादी दोन्ही.

मला बढतीसाठी शोधनिबंध हवा होता, हे खरं आहे. तेवढंच असतं तर मी स्वतःला कदाचित समजून घेतलं असतं. पण मला त्याहून जास्त हवं होतं. धनजच्या मजुराचा मुलगा, त्याने काहीतरी नवं शोधून काढलं, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. काकाजींना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून मी विचारलं नाही.

भाद्रपदातले दहा दिवस काकाजी रानात येत नसत. पर्युषण, म्हणजे दिगंबरांचं दशलक्षण पर्व, उपवास, मंदिर. त्या दहा दिवसांतल्या एका दुपारी मी एकटा गेलो. दोन-चारच घ्यायचे असं मनाशी ठरवलं होतं. पण हात लावताच पुंजका विस्कटला, एक कडवट वास सुटला, आणि कोणता नर, कोणती मादी ते मला कळेना. पुन्हा अशी संधी मिळेल का, एवढंच डोक्यात. मी झाकण काढलेली बाटली खाली धरली आणि कुंच्याने, काकाजींच्याच कुंच्याने, तो माझ्याकडे राहिला होता, सगळे आत लोटले. पळणारे हातांनी पकडले. या जिवाला पकडलं की तो पाय सोडून देतो. ते तुटलेले पाय माझ्या तळहातावर कितीतरी वेळ उघडमीट करत राहिले. अल्कोहोलमधली हालचाल थांबली तेव्हाही ते चालूच होते.

घरी येऊन मी ती पट्टी लिहिली. माझं नाव लिहायला पेन्सिल उचलली आणि थांबलो. कपार शोधली कोणी? काकाजींनी. मग श्रेय त्यांनाच. इतका उदार झालो मी त्या दिवशी.

पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. जैन माणसं त्या दिवशी एकमेकांच्या दारी जातात, हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं असेल त्याची माफी मागायची आणि समोरच्यानेही तेच शब्द म्हणून आपली मागायची. काकाजी सकाळच्या एसटीने वाशीमला माझ्या घरी आले. उपवासांनी गाल बसले होते. ती बाटली माझ्या पिशवीत, पिशवी त्यांच्या मागच्या खुंटीवर.

“उत्तम क्षमा, मास्तर,” ते म्हणाले. त्या पायांच्या काट्यांवरून आपण रागावलो, वाटेत अबोला धरला, ते मनाला लागून राहिलं होतं. ती चूक झाली. मी हात जोडले आणि म्हणालो, “उत्तम क्षमा.”

मग ते म्हणाले, चला, महाराजांनाही म्हणून येऊ. दर वर्षी ते त्या दिवशी रानात जाऊन जिवांची माफी मागायचे. आजवर जाळी मोडली असतील, दगड उचलले असतील, त्याची. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मीच त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो.

ते गुडघ्यांवर बसले. बॅटरी मारली. फुंकर घातली. खडक नुसता खडक होता. त्यांनी शेजारच्या भेगा पाहिल्या, नाल्याचा दुसरा काठ पाहिला, परत येऊन पुन्हा तिथेच फुंकर घातली. मी म्हणालो, पाऊस ओसरलाय, हलले असतील कुठेतरी. त्यांनी मान हलवली.

“त्या रयवारी म्या लोकं आनले. पोराहिनं गोंधळ केला. काडी टोचली त्याहिले.” मग माझ्याकडे पाहून विचारलं, “म्हून उठून गेले असतीन का, मास्तर? तुमचं शास्त्र काय म्हनते?”

मी म्हणालो, “असंही होऊ शकतं.”

बाटलीतलं मला कधीकधी विसरता येतं. हे वाक्य येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात कपार रिकामी. काकाजी प्रत्येक फेरीत तिथे जायचे. आता फुंकर घालत नसत, लांब उभे राहून पाहायचे. एकदा मला म्हणाले की आपण एका क्षणाच्या हौसेपायी महाराजांना बेघर केलं. मी म्हणालो, त्यांना घर नव्हतंच ना. विनोद केला मी. ते हसले नाहीत. त्या वर्षी पर्वाच्या शेवटी त्यांनी नियम घेतला. जैन माणूस प्रायश्चित्त म्हणून एखादी गोष्ट सोडतो, जन्मभरासाठी. कुणी गूळ सोडतो, कुणी चप्पल सोडतो. काकाजींनी रान सोडलं. मला सांगायला आले तेव्हा इतकंच म्हणाले, “बटाटा सोडला तई काईच वाटलं नाही. हे लई जड गेलं.”

त्या वेळी बोलायला हवं होतं. समोर बसले होते. बायकोने पाणी आणून ठेवलं होतं. नियम घेतला की मोडत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणजे आता सांगूनही उपयोग नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि गप्प राहण्याला ते कारण मला पुरलं.

जाणकारांचं उत्तर तोवर येऊन गेलेलं होतं. सगळी पिल्लं आहेत, त्यांनी कळवलं. पूर्ण वाढ झालेला एकही नाही. नर-मादीही सांगता येत नाही, मग जात कुठली सांगणार. प्रौढ नमुने मिळाले तर पाठवा. बाटली पार्सलने परत आली आणि विभागाच्या कपाटात गेली. रानाच्या यादीत एक ओळ छापली गेली: हार्वेस्टमन, जात अनिश्चित. पुस्तिका मी काकाजींना नेऊन दिली. त्यांनी ती ओळ बोटाने दोनदा वाचली आणि पुस्तिका गल्ल्याखाली ठेवून दिली.

मी एकटा जात राहिलो. दर पावसाळ्यात ती कपार, मग तो सगळा नाला, प्रत्येक खडकाचं पोट. एक जरी सापडला असता तर मी मालेगावपर्यंत गाडी न थांबवता गेलो असतो. नाही सापडला. आणि दर क्षमावाणीला काकाजी एसटीने यायचे. दर वर्षी थोडे वाकलेले, ‘उत्तम क्षमा’ म्हणायचे, मी तेच परत म्हणायचो. मग चहा नको, पाणी पुरे, असं म्हणत उठताना, चपला शोधत, माझ्याकडे न बघता विचारायचे, “कपारीत काई दिसते का?” मी नाही म्हणायचो. “बरं,” म्हणून जायचे.

यंदा ते आले नाहीत. दुपारपर्यंत मी दारात खुर्ची टाकून बसलो. मग गाडी काढली आणि मालेगावला गेलो.

दुकानात नवे दिवे लागले होते. छत पांढरं स्वच्छ, एकाही कोपऱ्यात जाळं नाही. फळीच्या टोकाला बाळंतिणीचा गुंड नव्हता. मी तिकडे पाहतो आहे हे मुलाने ओळखलं आणि मी न विचारताच म्हणाला, “बाबाहिनंच सांगतलं विकाले. जाळेबी त्याहिनंच झाडाले सांगतले. म्हने, जाऊ द्या आता.” त्यात राग नव्हता. त्यालाही ते कुठेतरी लागलेलं होतं.

आतल्या खोलीत काकाजी खाटेवर होते. न्हाणीत पडून कमरेचं हाड मोडलं. आता चालणं व्हायचं नाही, मुलगा म्हणाला. मला पाहून त्यांनी झोपल्या झोपल्याच हात जोडले.

“उत्तम क्षमा, मास्तर. यंदा येनं नाही झालं.”

या वेळी मी हात जोडले नाहीत. खुर्ची ओढून बसलो आणि वाटेभर मनात घोळवलेलं वाक्य म्हणालो, की त्या कपारीतल्या हार्वेस्टमनचे नमुने त्या वर्षी मी घेतले होते.

“नमुने?”

“हो.”

आणि मग मला ज्याची कल्पनाच नव्हती असं काहीतरी झालं. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला. आयुष्यभर दुकानात बसलेला माणूस. त्यांना त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता.

“नमुना त दाखवाले नेतेत,” ते म्हणाले. “दाखवून झालं का जाग्यावर ठेवतेत. म्हंजे हायेत ते? तुमी ठेवले कुठं वापस?”

मी म्हणालो, “ते विभागात आहेत. जतन केलेले आहेत.”

“जतन केले?” त्यांनी डोळे मिटले आणि खाटेवरचा हात छातीवर घेतला. “मंग बरं केलं. जतन केले त लईच बरं केलं, मास्तर. मले वाटलं म्याच…”

माझ्याजवळचे शब्द संपले. नमुने, जतन, संग्राहक, असंही होऊ शकतं. शिकून-शिकून मिळवलेली ती सगळी भाषा अशी होती की तिच्यातून खरं सांगितलं तरी ते या माणसाला आनंदाची बातमी वाटत होतं. धनजला वडील ज्या बोलीत बोलायचे, जी मी नोकरी लागल्यावर सोडून दिली आणि काकाजींसमोर कधी एकदाही बोललो नव्हतो, तीच तोंडात आली. मी खुर्चीवरून उतरून त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर बसलो.

“काकाजी,” मी म्हणालो, “ते म्या मारले. सगळे मारले, येकबी ठेवला नाही. लेकरं होती ती. तुमच्याच कुंच्यानं लोटले दारूच्या बाटलीत, आन् वरून नाव तुमचं लिवलं. तुमी कोनाले उठवलं नाही. मले तवाबी मालूम होतं, तुमी रान सोडलं तवाबी मालूम होतं, आन् म्या तोंड उघडलं नाही. मले माफ करा.”